रुग्णालयातील संसर्गप्रतिबंध आणि करमणूक : एका प्रबोधनपद्धतीचा इतिहास

ज्या ठिकाणी माणूस बरा होण्यासाठी जातो त्याच ठिकाणी त्याला नवा रोग जडावा, ही गोष्ट रुग्णालय या संस्थेच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. हा रोग पुष्कळदा सेवा करणाराच्याच हातावरून येतो, हेही गेली जवळजवळ पावणेदोनशे वर्षे ज्ञात आहे. या ज्ञानाचा शोध कसा लागला याविषयी वैद्यकाच्या इतिहासकारांनी विपुल लिहिले आहे. परंतु शोध लागल्यानंतर ते ज्ञान रोजच्या कामात उतरावे म्हणून काय काय करण्यात आले, या विषयाच्या वाट्याला तितके लक्ष आलेले नाही. त्या प्रयत्नांतील एक धारा तर इतकी किरकोळ समजली गेली, की तिची नोंद घेणे विद्वानांना अप्रशस्तच वाटले असावे. कामाच्या जागी व्यंगचित्रे, खेळ, स्पर्धा, नाट्यप्रवेश, गाणी व नृत्ये यांच्या द्वारे संसर्गप्रतिबंधाची जाणीव करून देण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांची ही धारा होय. प्रस्तुत लेखात तिचा मागोवा घ्यावयाचा आहे. तिच्यापासून प्रत्यक्ष फळ कोठे मिळाले, कोठे मिळाले नाही, आणि मिळाले तेथे ते कशामुळे, हा प्रश्न येथे मुख्यत्वे विचारात घेतला आहे.

आरंभ अर्थातच व्हिएन्नापासून करावयास हवा, जरी तेथे करमणुकीचा लवलेशही नव्हता. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात दर शंभर बाळंतिणींमागे ११.४ दगावल्या, दुसऱ्या विभागात हे प्रमाण पावणेतीनच्या आसपास होते. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणींना तपासतात, यात या तफावतीचे मूळ आहे, असे इग्नाझ सेमेलवाइस याने ओळखले, आणि १८४७ च्या मेमध्ये त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण १८.३ टक्के होते. जूनमध्ये ते २.२ टक्क्यांवर आले. १८४८ या संपूर्ण वर्षाचा आकडा १.२७ टक्के आहे. इतका लख्ख पुरावा हाती असूनही सेमेलवाइसला आपल्या समव्यवसायींचे मन जिंकता आले नाही. १८४९ मध्ये त्याची नेमणूक संपली, ती पुढे चालू ठेवण्यात आली नाही. त्याचा ग्रंथ निघाला तो थेट १८६१ साली, आणि त्यानंतर त्याने जी अनावृत पत्रे लिहिली त्यांत विरोधकांना खुनी म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. १८६५ मध्ये तो मरण पावला. पुढील काळातील संसर्गप्रतिबंधाच्या प्रचारकांनी सेमेलवाइसला आपला आद्य पुरुष मानले आहे. तथापि त्याच्या चरित्रातून त्यांनी जो धडा घेतला तो बहुधा 'हात धुवा' एवढाच होता. हुकूम सोडून आणि धिक्कार करून हात धुवून घेता येतात ते हुकूम करणारा जवळ उभा असेपर्यंतच, हा त्याच चरित्रातील दुसरा धडा ध्यानात येण्यास पुढे शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली.

महाराष्ट्राच्या वाचकाला या दुसऱ्या धड्याचे स्मरण वेगळ्या कारणाने होईल. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निवारणासाठी घराघरांत लष्करी तुकड्या शिरल्या, आणि संसर्गप्रतिबंध ही गोष्ट पुणेकरांच्या मनात देवघरापर्यंत आलेल्या बुटांशी कायमची जोडली गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्यांची कथा सुपरिचित आहे. मात्र त्याच वर्षीच्या १० जानेवारीस मुंबईत वाल्डेमार हाफकिन याने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. ज्याने सांगावयाचे त्याने आधी स्वतः करून दाखवावयाचे, ही रीत येथे दिसते. तिचा संबंध पुढे येणार आहे.

कामकऱ्यांना हसतखेळत आरोग्य शिकवावे, ही कल्पना संघटित स्वरूपात आढळते ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, सोव्हिएट रशियात. यादवी युद्धाच्या काळात तेथे उवांपासून पसरणाऱ्या टायफसने लक्षावधी माणसे मारली होती. डिसेंबर १९१९ च्या सोव्हिएट काँग्रेसमधील भाषणात लेनिनला उवांचा प्रश्न समाजवादाच्या भवितव्याशी जोडून मांडावा लागला, यावरून त्या संकटाची कल्पना येईल. युद्ध संपल्यावर कामगारांच्या मंडळांत आणि सैनिकांच्या बराकींत 'खटल्यां'चे प्रयोग होऊ लागले. रंगमंचावर न्यायालय भरे. आरोपीच्या पिंजऱ्यात कधी रोग पसरविणारी व्यक्ती, कधी अडाणी सुईण असे. साक्षी होत, डॉक्टर तज्ज्ञ म्हणून बोले, आणि शेवटी निकाल लागे. हे प्रयोग इतके हुबेहूब होत, की काही वेळा प्रेक्षक खटला खराच समजून बसत. जोडीला १९२३ मध्ये मॉस्कोत निघालेल्या 'निळा सदरा' या नाट्यचळवळीची पथके होतीच. कारखान्यांच्या मंडळांतून ती प्रचलित विषयांवर चुटके, गाणी व कसरती करीत हिंडत.

या प्रयोगांत रंजकता होती यात शंका नाही. परंतु संहिता बहुधा वरून आलेली असे आणि पिंजऱ्यात उभा राही तो खालचा माणूस. कारखान्यात धुण्याची जागा का नाही, गरम पाणी का मिळत नाही, याबद्दल व्यवस्थापकावर खटला भरण्याचा हा रंगमंच नव्हता. करमणुकीच्या वेष्टनात लाजविण्याची ही पद्धत होती, आणि जो एकदा लाजला तो दुसऱ्या प्रयोगाला खुशीने येत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात याहून सौम्य वळण दिसते. युद्धसामग्रीच्या कारखान्यात सर्दीपडशाने एक माणूस घरी बसला तरी उत्पादन घटते, या चिंतेतून १९४२ पासून खोकताना व शिंकताना रुमाल वापरण्याचा प्रचार सुरू झाला. त्याची भित्तिपत्रके एच. एम. बेटमन या नामांकित विनोदी चित्रकाराकडून काढून घेण्यात आली. १९४५ मध्ये रिचर्ड मॅसिंगहॅम याने याच विषयावर एक छोटा विनोदी चित्रपट केला. बेटमनच्या चित्रांतील शिंकणारा मनुष्य दुष्ट नाही, केवळ बेसावध आहे. प्रेक्षक त्याला हसतो आणि हसता हसता त्याच्यात स्वतःला ओळखतो. शिक्षेच्या जागी स्वतःवरचे हसू आले, हा या टप्प्यावरील बदल महत्त्वाचा मानावयास हवा. साधनाची अडचणही येथे फारशी नव्हती. रुमाल ज्याच्या त्याच्या खिशात होता.

रुग्णालयाच्या आत मात्र अद्याप कोणी हसत नव्हते. पेनिसिलिनच्या आगमनानंतर काही वर्षे तर संसर्गाची चिंताच संपली असा समज पसरला होता. १९५० नंतरच्या दशकात पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूच्या साथी रुग्णालयांतून उसळल्या तेव्हा हा समज ओसरला. या साथींच्या पार्श्वभूमीवर १९५९ मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे ब्रेंडन मूर या जंतुशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने कॉट्रेल नावाच्या परिचारिकेची नेमणूक खास संसर्गप्रतिबंधाच्या कामावर करण्यात आली. अशा प्रकारची ही पहिली नेमणूक समजली जाते. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने हात धुण्याची रीत दाखविणारा शिक्षणपट तयार केला. पुढे अमेरिकेतील एका विस्तृत अभ्यासातून असे अनुमान निघाले, की ज्या रुग्णालयांत रोगसंसर्गाची मोजणी, त्या मोजणीचे निष्कर्ष शस्त्रवैद्यांना कळविण्याची प्रथा आणि दर अडीचशे खाटांमागे एक संसर्गनियंत्रण परिचारिका अशी व्यवस्था आहे, तेथे अंतर्गत संसर्ग सुमारे ३२ टक्क्यांनी टाळता येतो. १९८५ मध्ये हे अनुमान प्रसिद्ध झाले, आणि लगेच १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी राष्ट्रीय संसर्गनियंत्रण सप्ताहाची घोषणा केली.

या सप्ताहापासून आपल्या विषयाला खरा रंग चढला असे म्हणावयास हरकत नाही. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या या सप्ताहाने संसर्गनियंत्रण परिचारिकेवर एक नवे काम टाकले. एरवी ती वॉर्डात आली की कर्मचाऱ्यांच्या कपाळाला आठी पडावयाची, कारण ती चुका मोजणारी. आता तिने त्याच कर्मचाऱ्यांसाठी शब्दकोडी रचावयाची, प्रश्नमंजूषा घ्यावयाच्या, जंतूंच्या आकाराचे केक कापावयाचे, आणि बक्षिसे वाटावयाची! अशा उपक्रमांत जो सर्वाधिक टिकला व ज्यात खेळ आणि पुरावा यांचा खरा मेळ होता, तो प्रकाशपेटीचा. हातांना एक विशिष्ट मलम चोळावयाचे, नंतर नेहमीप्रमाणे हात धुवावयाचे, आणि अतिनील दिव्याखाली धरावयाचे. जेथे पाणी पोचले नाही तो भाग चमकतो. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये टेलर या संशोधिकेने रंगाच्या साह्याने दाखवून दिले होते, की अंगठा आणि बोटांची अग्रे धुण्यातून हटकून सुटतात. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एलिफ व त्याच्या सहकाऱ्यांनी हात चोळण्याची पायऱ्यापायऱ्यांची जी रीत वर्णिली, ती आज जगभर सहा पायऱ्यांच्या रूपाने शिकविली जाते. प्रकाशपेटीपुढे वरिष्ठ-कनिष्ठ असा भेद राहत नाही. प्राध्यापकाचा अंगठाही तितकाच चमकतो. कोणी कोणाला बोल लावावा लागत नाही. ज्याचा त्याचा हातच साक्ष देतो.

एवढे होऊनही हात धुण्याचे प्रमाण फारसे हलत नव्हते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ च्या डिसेंबरपासून डिडिए पिते व त्याच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर निरीक्षण केले, तेव्हा हात स्वच्छ करावयास हवे अशा प्रसंगांपैकी केवळ ४८ टक्के प्रसंगी ते केले जात असल्याचे आढळले. परिचारिकांपेक्षा डॉक्टरांचे प्रमाण बरेच कमी होते. त्याहून उद्‌बोधक गोष्ट अशी, की जेथे काम अधिक, रुग्ण अधिक गंभीर, तेथे पालन कमी. अतिदक्षता विभाग, म्हणजे जेथे एका न धुतलेल्या हाताची किंमत सर्वांत अधिक, तेथेच परिस्थिती वाईट होती. वेळेचा हिशेब मांडला की याचा उलगडा होतो. व्हॉस व विड्‌मर यांनी १९९७ मध्ये केलेल्या गणनेप्रमाणे एका अतिदक्षता विभागातील सर्व परिचारिकांनी प्रत्येक वेळी साबणपाण्याने हात धुवावयाचे ठरविले, तर दिवसपाळीतील मिळून सोळा तास त्यातच जातील. खाटेजवळ ठेवलेल्या अल्कोहोलयुक्त द्रवाने तेच काम तीन तासांत होईल. याचा अर्थ, ज्यांना वर्षानुवर्षे निष्काळजी ठरविण्यात आले त्यांच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा केली जात होती. शब्दकोडे कितीही मनोरंजक असो, ते सोळा तास कोठून आणणार?

जिनिव्हातील कार्याचे महत्त्व असे, की तेथे या प्रश्नाचे उत्तर आधी देण्यात आले आणि मग विनोदाला पाचारण करण्यात आले. प्रत्येक खाटेशी द्रवाची बाटली अडकविण्यात आली. खिशात मावतील अशा लहान बाटल्याही वाटण्यात आल्या. मग १९९५ पासून भिंती बोलू लागल्या. या उपक्रमाला 'बोलक्या भिंती' असेच नाव होते. भित्तिपत्रकांवरील मजकूर प्रचार विभागाने लिहून धाडलेला नव्हता. वॉर्डातील परिचारिका, साहाय्यक आणि डॉक्टर यांना आपापली वाक्ये व कल्पना सुचविण्यास सांगण्यात आले, आणि त्यांना पेक्यूब या स्विस व्यंगचित्रकाराने चित्ररूप दिले. जंतू हे या चित्रांतील खट्याळ पात्र असे. पत्रके वारंवार बदलत, त्यामुळे आज काय लागले आहे हे पाहण्याची उत्सुकता राही, आणि आपल्या वॉर्डाची कल्पना भिंतीवर झळकली की त्या वॉर्डात त्याची चर्चा होई. यांच्या जोडीला निरीक्षणांचे आकडे वेळोवेळी कर्मचाऱ्यांना कळविले जात, आणि रुग्णालयाचे वरिष्ठ व्यवस्थापन या कार्याच्या पाठीशी जाहीरपणे उभे होते.

१९९४ ते १९९७ या काळात वीस हजारांहून अधिक प्रसंगांचे निरीक्षण झाले. पालनाचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात जडलेल्या संसर्गाचे प्रमाण १९९४ मध्ये १६.९ टक्के होते, ते १९९८ मध्ये ९.९ टक्के झाले. औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा प्रसार दर दहा हजार रुग्णदिवसांमागे २.१६ वरून ०.९३ इतका उतरला. द्रवाचा खप १९९३ मध्ये दर हजार रुग्णदिवसांमागे साडेतीन लिटर होता, तो १९९८ मध्ये १५.४ लिटर झाला. हे सर्व २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले.

या आकड्यांचा अर्थ लावताना इतिहासकाराने सावध राहिले पाहिजे. एकाच रुग्णालयातील हे काम होते. तुलनेसाठी दुसरे रुग्णालय नव्हते. साबणपाण्याने हात धुण्याचे प्रमाण पूर्वी होते तेवढेच राहिले. जी वाढ झाली ती सर्व द्रवाच्या वापरात. तेव्हा श्रेय बाटलीचे की भिंतीचे, असा प्रश्न साहजिकच पडतो, आणि पुष्कळांनी ते बाटलीला देऊन व्यंगचित्रांना शोभेची वस्तू ठरविले. परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनियात एका रुग्णालयात द्रवाच्या बाटल्या बसविण्यात आल्या, अल्पकाळ शिकवणही देण्यात आली, आणि पालनात काहीही सुधारणा झाली नाही. ही माहितीही २००० सालीच प्रसिद्ध झाली. बाटली हाताशी असणे आवश्यक खरे. पण ती वापरण्याची गोष्ट वॉर्डातल्या बोलण्याचा विषय व्हावी लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते जिनिव्हातील चित्रांनी हेच घडविले. हाताखालच्या साहाय्यिकेने मोठ्या डॉक्टराला 'आपण हात स्वच्छ केले नाहीत' असे सांगणे कोणत्याही देशात सोपे नाही. भिंतीवरच्या चित्रातील खट्याळ जंतूकडे नुसते बोट दाखविणे सोपे आहे. विनोदाने जे मौन मोडले ते या उतरंडीतले मौन होते.

मौन सर्वस्वी मोडले असे मात्र नाही. जिनिव्हातील सुधारणा मुख्यतः परिचारिका व त्यांच्या साहाय्यकांत झाली. डॉक्टर जवळजवळ होते तेथेच राहिले. यामुळे पिते व सहकाऱ्यांनी डॉक्टरांचा स्वतंत्र अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात डॉक्टरांचे सरासरी पालन ५७ टक्के आढळले, परंतु भूलतज्ज्ञांत ते जेमतेम २३ टक्के आणि अंतर्गत वैद्यकाच्या विभागात ८७ टक्के होते. कोणते डॉक्टर हात स्वच्छ करतात याचाही शोध घेण्यात आला. आपल्याकडे इतर जण आदर्श म्हणून पाहतात अशी ज्यांची भावना होती, आणि द्रव ज्यांच्या हाताशी होता, त्यांचे पालन अधिक होते. हाफकिनने मुंबईत जे केले त्याचीच ही आकड्यांतील आवृत्ती म्हणावी लागेल.

इंग्लंड व वेल्समध्ये २००४ पासून जी राष्ट्रव्यापी हस्तस्वच्छता मोहीम झाली तिने जिनिव्हाची रीत मोठ्या प्रमाणावर उचलली. खाटेपाशी द्रव, नियमित बदलणारी भित्तिपत्रके, निरीक्षण, आणि रुग्णांनीही विचारावे असे उत्तेजन. २००४ ते २००८ या चार वर्षांत साबण व द्रव यांची एकत्रित खरेदी दर खाटदिवसामागे २१.८ मिलिलिटरवरून ५९.८ मिलिलिटरवर गेली, आणि औषधप्रतिरोधी स्टॅफिलोकोकसच्या रक्तसंसर्गाचे प्रमाण दर दहा हजार खाटदिवसांमागे १.८८ वरून ०.९१ पर्यंत घटले. अर्थात याच काळात संसर्गाचे उद्दिष्ट सरकारने ठरवून दिले होते, २००६ चा आरोग्यविषयक कायदा आला होता आणि तपासणी पथके फिरत होती. हसू आणि हुकूम दोन्ही एकाच वेळी कामावर असल्यामुळे त्यांचा हिस्सा वेगळा काढणे अशक्यप्राय आहे.

माली देशातील बामाको येथील पॉइंट-जी रुग्णालयाची कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमातील ते एक प्रायोगिक केंद्र होते. परदेशी द्रव महाग, म्हणून देशातील उसापासून निघणाऱ्या अल्कोहोलमधून रुग्णालयाच्याच औषधशाळेत तो बनविण्यात आला. पालनाचे प्रमाण ८ टक्क्यांवरून २१.८ टक्क्यांवर गेले. आकडा लहान दिसतो. पण आरंभी जेथे बारा प्रसंगांपैकी एकदा हात स्वच्छ होत, तेथे पाचांपैकी एकदा होऊ लागले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवनींनीही २०२० मध्ये हात निर्जंतुक करणारा द्रव तयार करण्यास घेतला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. बामाकोमध्ये जे योजनापूर्वक झाले ते आपल्याकडे संकटाच्या धक्क्याने झाले, एवढाच भेद.

त्या २०२० सालाने आपल्या विषयाची एक निराळीच परीक्षा घेतली. हात धुण्याचे खेळ एकाएकी वॉर्डातून बाहेर पडून रस्त्यावर आले. २००९ पासून ५ मे हा दिवस हस्तस्वच्छतेसाठी जगभर पाळला जातो. दोन्ही हातांची पाच पाच बोटे हे त्या तारखेमागचे साधे कोडे. सहा पायऱ्यांवर नृत्य बसविण्याची हौसही रुग्णालयांत रूढ होती. आता व्हिएतनाममधील व्यवसायजन्य आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने काढलेले गाणे व त्यावरचे नृत्य जगभर पोचले, आणि मार्चमध्ये केरळ पोलिसांनी मुखपट्ट्या बांधून हात धुण्याचे नृत्य करून दाखविले. पण या उत्साहामागे भय होते. शिकागोच्या विद्यापीठ रुग्णालयात स्वयंचलित यंत्रे हातांच्या स्वच्छतेची मोजणी करीत होती. साथीपूर्वी जे पालन पंचावन्न टक्क्यांच्या आसपास होते ते मार्चच्या अखेरीस नव्वदीच्या पलीकडे गेले, आणि ऑगस्टच्या मध्यास पुन्हा जवळजवळ पन्नाशीवर उतरले. साथ तेव्हा ओसरलेली नव्हती. ओसरले होते ते भय. साडेचार महिन्यांत जे आले आणि गेले, त्याच्याशेजारी जिनिव्हाची तीन-चार वर्षांची संथ वाढ ठेवून पाहावी.

महाराष्ट्रातील रुग्णालयांकडे वळताना एक जुनी परंपरा दृष्टीआड करता येत नाही. गाडगेबाबा गावात येताच आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. लोकांना हसवावे, पण खराटा आधी आपण उचलावा. उत्तर लोकांनी द्यावे, आपण सांगू नये. जिनिव्हाच्या भिंतींनी जे केले त्याचे मर्म आपल्याकडे अपरिचित नव्हते. शासनाने २००० साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू केली, आणि २०१५ पासून केंद्र शासनाच्या 'कायाकल्प' योजनेत सार्वजनिक रुग्णालयांचेही स्वच्छता व संसर्गनियंत्रण यांच्या कसोटीवर मूल्यमापन होऊन त्यांना पारितोषिके मिळू लागली. भारताने २००६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या हस्तस्वच्छतेच्या संकल्पावर सही केली होती, आणि जानेवारी २०२० मध्ये संसर्गप्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली.

योजना अशा आहेत. वॉर्डातले दृश्य पाहावयाचे तर ५ मे रोजी किंवा परिचारिका दिनी, १२ मे रोजी, एखाद्या जिल्हा रुग्णालयात जावे. प्रवेशद्वाराशी जंतूंच्या व हातांच्या रांगोळ्या काढलेल्या असतात, परिचर्या विद्यालयातील मुली पथनाट्य करतात, भित्तिपत्रकांची स्पर्धा लागते. कौशल्य कित्येकदा थक्क करणारे असते. परंतु स्पर्धक कोण आणि परीक्षक कोण हे न्याहाळले तर उतरंड जशीच्या तशी दिसते. विद्यार्थिनी व सिस्टर काढतात, डॉक्टर गुण देतात, आणि ज्यांना आपल्या रुग्णालयांत 'मामा' आणि 'मावशी' म्हणून हाक मारतात ते सतरंज्या घालतात. रुग्णाची खाट, भांडी व लादी यांना दिवसातून सर्वांत अधिक वेळा हात लावणारी मावशी या खेळात नसते. तिच्या सूचनेवरून काढलेले चित्र भिंतीवर लागल्याचे दृश्य दुर्मिळ आहे. आणि ज्या वॉर्डात उन्हाळ्यात नळाला दुपारनंतर पाणी राहत नाही, तेथे हात धुण्याच्या नृत्यास परीक्षकांनी पहिले बक्षीस दिले, तर त्यातील विनोद मावशीच्या लक्षात येतोच. ती फक्त बोलत नाही.

येथे साधनांविषयी काही लिहिणे अवश्य आहे. संसर्गाची नोंदवही, समितीच्या सभांची कार्यवृत्ते, द्रवाच्या खरेदीची देयके हे सर्व कार्यालयात राहते आणि उद्याच्या संशोधकाला मिळते. करमणुकीचे तसे नाही. शब्दकोडे सोडवून टाकले जाते, केक खाल्ला जातो, पथनाट्याची संहिता बहुधा लिहिलेलीच नसते. जिनिव्हाच्या चित्रांना कलावंताचे नाव होते म्हणून ती टिकली. आपल्या परिचर्या विद्यालयांतील भित्तिपत्रके वर्षाअखेर रद्दीत जातात, आणि ती कोणी काढली, कोणाच्या कल्पनेवरून काढली, याची नोंद कोठेच होत नाही. हा विषय पुढे न्यावयाचा असेल तर निदान जिल्हा रुग्णालयांनी व परिचर्या विद्यालयांनी दर मे महिन्यात ही पत्रके, त्यांवरील नावे आणि त्या त्या वॉर्डातील त्या महिन्याचा द्रवाचा खप यांची एकत्र नोंद ठेवावी. रांगोळ्यांची निदान छायाचित्रे काढून ठेवता येतील. त्या सायंकाळपर्यंत पुसल्या जातात, आणि त्या पुसण्याचे काम मावशीकडेच असते.